आईच्या वहीतली 'वाटी' म्हणजे नक्की किती ग्रॅम?

गव्हला | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय आणि मी पुन्हा त्याच खड्ड्याच्या काठावर उभी आहे.

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते. आईची फराळाची वही मागच्या खेपेला फोटो काढून आणली. त्यात सगळं वाट्या-चमच्यांत. मागच्या दिवाळीत इथल्या स्टीलच्या वाटीने चकल्या केल्या. वहीत लिहिल्याप्रमाणे 'भाजणी १ वाटी, उकळतं पाणी १ वाटी, मोहन ४ चमचे'. चकली तेलात सोडली आणि बघता बघता तिचा भुगा झाला. तळाशी नुसता गाळ. भाजणी आईनेच पाठवलेली, त्यामुळे तिच्यात खोट नाही.

इथल्या ऑफिसातल्या मैत्रिणीला रव्याचे लाडू आवडले म्हणून कृती लिहून दिली, तर तिचा पहिला प्रश्न, "वाटी म्हणजे किती ग्रॅम?" इथे घरोघरी वजनकाटा असतो, कृती ग्रॅममध्येच लिहितात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, "अगं वाटी म्हणजे वाटी. आमटीची."

तर ही वही एकदाची ग्रॅममध्ये उतरवायची आहे. कुणाकडे वाटी ते ग्रॅम असा तक्ता आहे का?

---

अंदाजपंचे | सोमवार, रात्री १०:०५

तक्ता कशाला? वाटी कोणतीही घ्या, फक्त तीच शेवटपर्यंत वापरा. शिऱ्याला एक वाटी रवा, एक वाटी साखर, पाऊण वाटी तूप. वाटी लहान असेल तर शिरा थोडा होईल, मोठी असेल तर शेजाऱ्यांना देता येईल. आपल्या आज्या काय काटे घेऊन बसल्या होत्या?

---

ओव्हनवाली | सोमवार, रात्री १०:२२

आला का हा! प्रत्येक धाग्यावर आज्या.

गव्हला, मी नाशिकला घरून केक आणि ब्रेडच्या ऑर्डरी घेते. माझ्या फ्रिजवर लावलेला तक्ता देते. २४० मिलीच्या कपाचा आहे, मी स्वतः तीन-तीनदा वजन करून केलेला, सगळं सपाट भरून:

पाणी २४०, दूध २४७, साखर २००, पिठीसाखर १२०, मैदा १२५, कणीक १२० ते १३०, बारीक रवा १८०, तांदूळ २००, तांदळाची पिठी १५०, तेल २२०, पातळ केलेलं तूप २१८, मध ३४०, बारीक मीठ २९०. बेसन ११० ते १४५.

बेसनाच्या आकड्याला हसू नका. ते जसं भराल तसं भरतं. चाळून हलक्या हाताने चमच्याने घातलं तर एक वजन, डब्यात कप खुपसून काढला तर वेगळं, वर दोनदा आपटला तर आणखी वेगळं. मैद्याचंही तेच. नवीन मुली क्लासला येतात तेव्हा एकच कप पाच जणींना भरायला लावते. १२० पासून १५० ग्रॅमपर्यंत काहीही येतं. केक दगड का झाला याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

---

पायलीभर | मंगळवार, सकाळी ६:१५

ओव्हनवाली ताई, हे भांडण फार जुनं आहे.

आमच्या आजोबांचं कऱ्हाडजवळच्या गावात किराणा-भुसाराचं दुकान होतं. धान्य मापाने, गूळ-तेल-मसाला वजनाने. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. आता गंमत बघा, शेर हा मापाचाही होता आणि वजनाचाही. वजनी शेर सरकारी हिशेबाने ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. मापी शेर म्हणजे ते लोखंडी भांडं. त्यात ज्वारी भरली तर एक वजन, तांदूळ भरला तर दुसरं, आणि पोहे भरले तर विचारूच नका. 'शेरभर आण' म्हटलं की कोणता शेर, हे ज्याचं त्याला कळायचं. बाहेरच्याला कळायचं नाही. तुमच्या आईच्या वाटीसारखंच.

आणि भरायची पद्धत! मापाच्या काठावर जो ढीग उभा राहतो ती शीग. 'उत्सुकता शिगेला पोहोचली' म्हणतो ना, ती हीच शीग. शेतकऱ्याकडून घेताना शिगेचं माप आणि गिऱ्हाइकाला देताना काठावरून लाकडी पट्टी फिरवून सपाट माप, अशी काही दुकानदारांची ख्याती होती. आमचे आजोबा तसले नव्हते असं आजी सांगायची. आजीच सांगणार म्हणा.

१९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-लिटर यायला लागले. तरी आमच्याकडे पायली पुढे कित्येक वर्षं चालली. खळ्यावर तर अजून बोलण्यात आहे.

---

न्यूजर्सीतला_कांदा | मंगळवार, सकाळी ७:५०

काका, अमेरिकेत ते खळं अजून स्वयंपाकघरात आहे! इथे सगळं कपात. बरं, कपही एक नाही. प्रचलित कप २३६.६ मिलीचा आणि पाकिटावरच्या पोषणाच्या तक्त्यातला कप २४० चा. लोणी काडीने मोजतात, एक काडी म्हणजे अर्धा कप म्हणजे ११३ ग्रॅम. कप सपाट करून भरायचा हा आग्रह बॉस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी १८९६ साली धरला. त्याआधी 'चहाचा कपभर', 'अक्रोडाएवढं लोणी' असा कारभार होता.

आणि भात शिजवायच्या कुकरबरोबर जो प्लास्टिकचा पेला येतो तो १८० मिलीचा असतो, कारण ते जपानी माप आहे. मी दोन वर्षं त्याला कप समजून पुलाव करत होतो. पाणी मात्र खऱ्या कपाने घालायचो. बायको त्याला प्रेमाने खिचडी म्हणायची.

---

सिडनीची_शेव | मंगळवार, सकाळी ९:१०

त्यात आमचीही भर. ऑस्ट्रेलियात कप २५० मिलीचा आणि टेबलस्पून २० मिलीचा! बाकी जगात १५. चहाचा चमचा मात्र सगळीकडे ५. म्हणजे अमेरिकन कृतीतलं 'एक टेबलस्पून यीस्ट' मी इथल्या चमच्याने घातलं की तिसऱ्या हिश्श्याने जास्त पडतं. माझा पाव भांड्याबाहेर येऊन ओट्यावर झोपला होता. तेव्हापासून आकड्यापुढे देश कोणता ते आधी बघते.

---

अंदाजपंचे | मंगळवार, सकाळी ९:३०

बघा, म्हणून म्हणतो वाटी बरी. वाटीला देश नाही.

---

चंचुपात्र | मंगळवार, दुपारी १:२०

अंदाजपंचे अर्धे बरोबर आहेत. राहिलेल्या अर्ध्यातच गव्हलाची चकली बुडाली.

वाटी हे मुळात एकक नाही, ते प्रमाण आहे. 'एक वाटी पिठी, एक वाटी पाणी' म्हटलं की मोदकाची उकड कोणत्याही वाटीने जमते, कारण दोन्ही बाजूंना वाटी आहे, ती कापली जाते. असल्या कृतीला ग्रॅमची गरजच नाही. पण त्या ओळीत वाटीशिवाय दुसरं काही घुसलं, की वाटी किती मोठी हा प्रश्न एकदम खरा होतो. अर्धा लिटरची दुधाची पिशवी, दोन अंडी, मिल्कमेडचा डबा, किंवा साधा चमचा. यातलं काहीच वाटीबरोबर लहानमोठं होत नाही.

आता गव्हलाची ओळ बघा: भाजणी १ वाटी, पाणी १ वाटी, मोहन ४ चमचे. भाजणी आणि पाणी वाटीबरोबर हलले. मोहन जागच्या जागी राहिलं. तुमची वाटी आईच्या वाटीपेक्षा लहान असेल तर पिठाच्या मानाने तेल जास्त झालं, आणि मोहन जास्त झालं की चकली विरघळते. हा भाजणीचा दोष नाही, चमच्याचाही नाही.

तुमच्या वाटीचं माप टाका. मोजायची पद्धत सोपी आहे. वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली.

---

गव्हला | मंगळवार, रात्री ८:१५

चंचुपात्र, हे डोक्यातच आलं नव्हतं! वाटी मोजली. १६५ ग्रॅम पाणी.

आणखी एक गंमत. इथल्या घरात आधीच्या भाडेकरूने ठेवलेला एक मोजायचा प्लास्टिकचा मग आहे. तो वर्षभर नुसता दुधाला वापरत होते. आज नीट बघितलं तर त्याच्यावर पाचेक वेगवेगळ्या रेघा आहेत. एका बाजूला मिली, बाकी बाजूंना मैदा, साखर, रवा, तांदूळ, प्रत्येकाच्या ग्रॅमच्या खुणा वेगळ्या उंचीवर! म्हणजे साखर या रेघेपर्यंत भरली की २५० ग्रॅम आणि मैदा त्याच्या बऱ्याच वरच्या रेघेपर्यंत. म्हणजे तक्ता माझ्या ओट्यावरच उभा होता. बेसन आणि भाजणीची रेघ अर्थातच नाही.

---

सोलकढी | मंगळवार, रात्री ८:४०

या मगाची रेघ पोह्यांसाठी करून दाखवा म्हणावं जर्मनांना. पातळ पोहे, जाड पोहे, नागली पोहे, सगळे वेगळे. ओलं खोबरंही तसंच, खवणीवर खवलेलं मोकळं पडतं, मिक्सरमधलं दाबून बसतं. नारळाच्या वड्यांना 'दोन वाट्या खोबरं' म्हणजे काय याच्यावर आमच्या घरात जावांमध्ये अबोला झालेला आहे.

---

ओव्हनवाली | मंगळवार, रात्री ९:००

पिठीसाखरेचंही लिहून ठेवा कुठेतरी. एक वाटी साखर दळली की दीड-पावणेदोन वाट्या पिठीसाखर होते. वजन तेवढंच, जागा जास्त. वहीत 'साखर दळून घ्यावी' लिहिलंय की 'दळलेली साखर घ्यावी' हे दोनदा वाचा. 'एक वाटी साखर दळून' आणि 'एक वाटी पिठीसाखर' यात लाडू गोड आणि लाडू फिका एवढा फरक पडतो.

तसंच मीठ. जुन्या लोणच्याच्या कृतीत 'एक वाटी मीठ' म्हणजे खडे मीठ. बारीक मीठ त्याच वाटीत कितीतरी जास्त मावतं, खड्यांमध्ये हवा असते. माझ्या एका मैत्रिणीने तसंच घातलं आणि कैरीचं लोणचं तोंडात धरवेना. चमच्यातही तेच. आपल्या बारीक मिठाचा सपाट चमचा ६ ग्रॅमच्या आसपास, अमेरिकेत ते पत्री कोशर मीठ मिळतं त्याच्या एका प्रकाराचा चमचा निम्म्यापेक्षा कमी भरतो.

---

अंदाजपंचे | मंगळवार, रात्री ९:१२

मीठ चवीनुसार.

---

ओव्हनवाली | मंगळवार, रात्री ९:१३

लोणचं चाखून बघत मीठ घालतोस का रे पंधरा दिवस आधी?

---

चंचुपात्र | मंगळवार, रात्री १०:३०

:-)

गव्हला, आता खरं काम. आईची वाटी तुमच्याकडे नाही, पण ती वहीत कुठेतरी सापडेल. बायका वहीत दोन्ही लिहितात. दुकानातून किलोने आणलं आणि घरी वाटीने मोजलं, तर कंसात नोंद असते. 'पाव किलो रवा (इतक्या वाट्या)' असलं काही आहे का बघा. तीन-चार ठिकाणी मिळालं तर वाटी पकडता येईल.

---

गव्हला | बुधवार, संध्याकाळी ७:०५

अहो, आहे! आज लंचमध्ये सगळे फोटो चाळले.

खरवसाच्या पानावर नाही, पण बासुंदीच्या पानावर 'दूध अर्धा लि. (३ वा.)'. रवालाडूला 'रवा पाव किलो (२ वा.)'. दिवाळीच्या यादीत 'साखर १ किलो = ७ वा.'. आणि बेसनाच्या लाडवांना 'बेसन अर्धा किलो (५ वा.)'.

---

चंचुपात्र | बुधवार, रात्री ९:५०

वा! आईंना माझा नमस्कार सांगा, नोंदी फार शिस्तीच्या आहेत.

दूध सगळ्यात भरवशाचं, कारण ते दाबलं जात नाही, शीग लागत नाही. ५०० मिली भागिले ३, म्हणजे वाटी १६७ मिलीची.

रवा: २५० ग्रॅमच्या दोन वाट्या, म्हणजे वाटीत १२५ ग्रॅम. ओव्हनवालींच्या तक्त्यात २४० मिलीला १८०, म्हणजे मिलीला पाऊण ग्रॅम. १२५ भागिले ०.७५, पुन्हा १६७.

साखर: १००० भागिले ७, वाटीला १४३ ग्रॅम. तक्त्याप्रमाणे मिलीला ०.८३, म्हणजे वाटी १७२. सातवी वाटी जरा शिगेची भरली असेल, चालायचंच. साखरेत एवढा फरक घरगुती मापाला क्षम्य आहे.

बेसन मात्र वेगळं बोलतंय. अर्धा किलोच्या ५ वाट्या, म्हणजे १०० ग्रॅमची वाटी, मिलीला ०.६. सैल भरलेलं बेसन ०.५ च्या आसपास असतं, मग सहा वाट्या व्हायला हव्या होत्या. पाचच झाल्या. याचा अर्थ आई बेसनाची वाटी डब्यात खुपसून भरतात आणि वर आपटतात. विचारून बघा.

म्हणजे वाटी तुमच्या वाटीएवढीच निघाली, १६५ आणि १६७. मग चकली का विरघळली? हा आता माझ्याच डोक्याला भुंगा लागला आहे.

---

गव्हला | बुधवार, रात्री १०:१०

आईला लगेच व्हिडिओ कॉल केला. बेसनाची वाटी कशी भरतेस, म्हटलं. तिने कॅमेऱ्यासमोर डबा उघडून दाखवलं. वाटी खुपसली, वर काढली, ओट्यावर टण टण दोनदा आपटली, बोटाने सपाट केली!! मी किंचाळलेच. ती म्हणाली, "काय झालं, पाल दिसली का?"

---

न्यूजर्सीतला_कांदा | बुधवार, रात्री ११:३०

चंचुपात्र, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?

---

पायलीभर | गुरुवार, सकाळी ६:००

फार छान. आजोबा असते तर तुम्हाला दुकानात बसवलं असतं.

भाजणीबद्दल एक. आमच्याकडे भाजणीचं प्रमाण किलोने असतं, तांदूळ एक किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा, उडदाची डाळ पाव, वर धणे-जिरे. वाटीने घ्या नाहीतर किलोने घ्या, चार-दोन-एक हेच पडतं. धान्य आणि डाळी मापाला जवळपास सारख्याच बसतात, म्हणून तिथे भानगड होत नाही. दळून पीठ झालं की मग भानगड सुरू. चक्कीवरून ताजं आणलेलं गरम पीठ फुललेलं असतं, आठ दिवस डब्यात बसलं की खाली दबतं. ताज्या भाजणीची वाटी आणि आठ दिवसांच्या भाजणीची वाटी सारखी नाही.

---

रानभाजी | गुरुवार, सकाळी ११:४०

मध्येच विचारते, माफ करा. वजनकाटा घ्यायचाय. किती किलोचा घेऊ?

---

ओव्हनवाली | गुरुवार, सकाळी ११:५५

घरच्यासाठी पाच किलोचा, एक-एक ग्रॅम दाखवणारा पुरे. ताट ठेवलं की शून्य होतं ना, ते बटण चांगलं दाबलं जातंय का तेवढं बघ. यीस्ट, सोडा, पापडखार असल्या दोन-चार ग्रॅमच्या गोष्टी त्याच्यावर मोजू नकोस, तो काटा चार ग्रॅमला कधी तीन कधी पाच म्हणतो. त्याला एकतर दशांश दाखवणारा सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा घे, नाहीतर चमच्यानेच सपाट घे. चमचा वाईट नाही, एवढ्या थोड्या मापाला तोच बरा. इन्स्टंट यीस्टचा सपाट चमचा ३ ग्रॅमच्या जरासा वर, ७ ग्रॅमचं पाकीट म्हणजे सव्वादोन चमचे.

काटा खरा आहे का बघायला अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ठेव. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून ५१५ च्या आसपास आणि वर पिशवीचे दोन-तीन ग्रॅम. खूपच इकडेतिकडे दाखवला तर परत कर.

---

न्यूजर्सीतला_कांदा | गुरुवार, दुपारी ४:२०

अमेरिकेत असाल तर खिशातलं पाच सेंटचं नाणं ठेवा. बरोब्बर ५ ग्रॅमचं असतं. दहा नाणी, पन्नास ग्रॅम.

---

सिडनीची_शेव | गुरुवार, संध्याकाळी ५:००

तेलाचं कुणी बोललंच नाही. भारतातल्या एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं. आमच्या सासूबाईंचं म्हणणं की कंपनीने नव्वद ग्रॅम खाल्ले. तेल पाण्यावर तरंगतं ना, म्हणजे ते हलकं, हे सांगून सांगून थकले. शेवटी पाण्याची बाटली आणि तेलाची बाटली शेजारी-शेजारी काट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "काटा त्यांचाच असेल."

---

चंचुपात्र | गुरुवार, रात्री ९:३०

गव्हला, मोहनाचा हिशेब बसत नाहीये, म्हणून पुन्हा आलो. १६५ मिलीच्या वाटीत भाजणी सैल भरली तर नव्वदेक ग्रॅम. चार चमचे म्हणजे २० मिली तेल, १८ ग्रॅम. म्हणजे पिठाच्या वीस टक्के मोहन! एवढ्याने कुणाचीही चकली विरघळेल, आईंचीसुद्धा. दहा-बारा टक्क्यांपर्यंत खुसखुशीत, त्याच्या फार वर गेलं की आकार टिकत नाही असा माझा अनुभव. मग एकतर त्यांचा चमचा लहान आहे, किंवा चकलीच्या पानावरची वाटी ही ती वाटीच नाही.

चकली कशात मोजतात, एवढंच विचारा. 'वाटी' हा शब्द न उच्चारता विचारा, नाहीतर पुन्हा 'आमटीची' म्हणतील.

---

अंदाजपंचे | गुरुवार, रात्री ९:४५

हा माणूस वकील असणार.

---

गव्हला | शुक्रवार, रात्री ८:२०

मंडळी, बसा.

आईला म्हटलं, चकलीची भाजणी परातीत कशाने घेतेस? ती म्हणाली, "फुलपात्राने. वाटीने कोण घेणार, एवढ्या वेळा वाकायचं? पाणीपण त्यानेच."

मग वहीत वाटी का लिहिलंस?

"अगं तेव्हा लिहायला वाटी सोपं."

मी फोन म्यूट करून दोन मिनिटं हसले. मग थोडा रागही आला. मागच्या दिवाळीत मी किलोभर भाजणी आणि दोन लिटर तेल वाया घालवून रडले होते, आणि या बाईने फोनवर सांगितलं होतं, "तुझा हात अजून बसला नाही."

बाकीच्या पानांचीही चौकशी केली. शंकरपाळ्यांचं दूध-तूप-साखर 'वाटी' म्हणजे खरंच वाटी. अनारशाची वाटी म्हणजे मुळात वाटी नव्हेच, ते आजीकडचं पितळी भांडं, आता काकूकडे सोलापुरात. चिवड्याच्या पानावरचा 'चमचा' म्हणजे डाव. डाव! त्यात तिखट घातलं असतं तर अग्निशमन दल आलं असतं.

---

सोलकढी | शुक्रवार, रात्री ८:३५

अनारसे हसतात ऐकलं होतं. तुमच्या चकल्याही हसत होत्या, आणि आता आईही.

---

ओव्हनवाली | शुक्रवार, रात्री ८:५०

'अजून हात बसला नाही' हे वाक्य मी किती वर्षं ऐकलंय! हाताचं काही चुकत नव्हतं, भांडं वेगळं होतं. मला हे कुणी लग्नाच्या आधी सांगायला हवं होतं.

गव्हला, आता नुसती तुमच्या पुरती ग्रॅमची वही करू नका. आईंच्या प्रत्येक पानाशेजारी भांड्याचं नाव लिहा: वाटी, फुलपात्र, काकूंचं पितळी. भांडी हरवतात.

---

अंदाजपंचे | शुक्रवार, रात्री ९:००

हे पटलं. (लिहून ठेवा, तारीख घाला.)

पण एक शंका. फुलपात्र कोणतं? आमच्याकडेच चार आकाराची आहेत.

---

गव्हला | शनिवार, दुपारी १२:१५

अंदाजपंचे, तुम्हीसुद्धा!

भाऊ सांगलीत आईजवळ असतो. घरी काटा नाही. तो ते फुलपात्र पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेला. आधी रिकामं ठेवून काटा शून्यावर आणला, मग पाणी भरून वजन केलं. दुकानदाराने विचारलं म्हणे, पाणी कितीला विकत घेताय? २९० ग्रॅम भरलं. मग आईने दिलेली भाजणी त्याच फुलपात्रात तिच्या पद्धतीने भरून (खुपसून, पण न आपटता) वजन केली. १६४ ग्रॅम. दुकानदाराचं कुतूहल एवढं वाढलं की त्याने स्वतःच तिसऱ्यांदा मोजून दिली, १६१.

चार चमचे तेल १८ ग्रॅम. म्हणजे ११ टक्के. चंचुपात्र, हिशेब बसला का?

---

चंचुपात्र | शनिवार, दुपारी १:४०

बसला.

आता तुमच्यासाठी: भाजणी १६० ग्रॅम, मोहन १८ ग्रॅम कडकडीत तापवून. पाणी फुलपात्रभर म्हणजे २९०, पण सगळं एकदम ओतू नका. वर्षभर ठेवलेली भाजणी आणि हवेतला दमटपणा यावर ते थोडं कमीजास्त लागतं. अडीचशेपर्यंत घालून उकड झाकून ठेवा, मग मळताना लागेल तसं. इथे मात्र अंदाजपंचे म्हणतात तेच, हाताला विचारा.

आणि सगळं पीठ सोऱ्यात भरण्याआधी एक चकली तळून बघा.

---

गव्हला | रविवार, रात्री ७:५०

एक तळली. टिकली! काटेही आले. दुसरी मैत्रिणीच्या मुलाने गरम असतानाच पळवली.

तिला कृती ग्रॅममध्ये पाठवली. तिचा उलट निरोप, 'सोऱ्या म्हणजे काय आणि तो किती मिलीमीटरचा?'